फुप्फुसाला सुईचं शास्त्र कळत नाही : अ‍ॅक्युपंक्चर आणि हाताने शिकायची अ‍ॅनाटॉमी

"डॉक्टर, मान फार आखडली आहे. अ‍ॅक्युपंक्चर करून बघू का?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतं. विचारणाऱ्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर हवं असतं. मी मात्र उलट विचारतो, "सुई कोण टोचणार आहे? त्यांनी अ‍ॅनाटॉमी कुठे शिकली आहे?" यावर बहुतेक जण गोंधळतात. कोणी सांगतं, "त्यांच्या भिंतीवर सर्टिफिकेट आहे." कोणी म्हणतं, "त्यांच्याकडे शरीराचा मोठा चार्ट आहे, त्यावर सगळे बिंदू दाखवलेत."

माझा आजचा वाद त्या चार्टशी आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे खाली भलतीच भांडणं नकोत. अ‍ॅक्युपंक्चरने दुखणं कमी होतं की नाही हा या लेखाचा विषय नाही. तुमचा त्यावर विश्वास असो वा नसो, लोक सुया टोचून घेतात आणि पुढेही घेणार आहेत. महाराष्ट्राने २०१५च्या कायद्याने या उपचाराला मान्यता दिली आणि त्यासाठी वेगळी परिषद नेमायची तरतूद केली. २०१९ मध्ये केंद्र सरकारनेही अ‍ॅक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धतीचा दर्जा दिला. म्हणजे ही गोष्ट आता गल्लीबोळातली राहिलेली नाही. मग सुई घेऊन माणसाच्या शरीरात शिरणाऱ्याने ते शरीर आतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आणि स्वतःच्या हातांनी चाचपलेलं असायला नको का? माझ्या मते असायलाच हवं. पुस्तकात, मोबाइलवरच्या रंगीत अ‍ॅपमध्ये किंवा प्लास्टिकच्या पुतळ्यावर पाहिलेलं चालणार नाही. खऱ्या शरीरात, डिसेक्शन हॉलमध्ये पाहिलेलं हवं.

खांद्यावरची ती जागा

आपला उजवा हात डाव्या खांद्यावर ठेवा. मान संपते आणि खांदा सुरू होतो तिथला मांसल भाग चिमटीत धरा. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्यांचा हाच भाग दुखतो. अ‍ॅक्युपंक्चरमधला एक अतिशय लोकप्रिय बिंदू, जीबी-२१, इथेच आहे. मान, खांदा, डोकेदुखी, सगळ्यासाठी तो वापरतात.

आता या चिमटीच्या खाली काय आहे? बहुतेकांना वाटतं, स्नायू आणि त्याखाली हाड. प्रत्यक्षात फुप्फुसाचं वरचं टोक कॉलर बोनच्याही वर दोन-तीन सेंटिमीटर चढलेलं असतं. छातीच्या पिंजऱ्यात फुप्फुस अगदी बंदिस्त असतं ही आपली समजूत चित्रं पाहून झालेली आहे. पाठीवर, खांद्याच्या फऱ्याच्या आतल्या कडेला, जिथे सुयांची रांगच्या रांग लावली जाते, तिथे कातडीपासून फुप्फुसाचा पृष्ठभाग अनेकांत अवघ्या एक ते दोन सेंटिमीटरवर असतो. रोजच्या वापरातल्या सुया अडीच आणि चार सेंटिमीटरच्या असतात. बाकीचं गणित तुम्हीच करा.

फुप्फुसाभोवती दोन पातळ पडदे असतात आणि त्यांच्यामधल्या जागेतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी असतो. म्हणून फुप्फुस फुगलेलं राहतं. पडद्याला आणि फुप्फुसाला भोक पडलं की त्या जागेत हवा शिरते आणि फुप्फुस आक्रसतं. याला न्यूमोथोरॅक्स म्हणतात. "सुई तर केसासारखी बारीक असते, तिने काय होणार?" हा युक्तिवाद मी असंख्य वेळा ऐकला आहे. सुई बारीक असते हे खरं. सरळ आत जाऊन सरळ बाहेर आली तर ते भोक बऱ्याचदा आपोआप मिटतं. पण अ‍ॅक्युपंक्चरची सुई वीस-तीस मिनिटं तशीच ठेवतात. तेवढ्या वेळात तुम्ही तीनशे-चारशे वेळा श्वास घेता. दर श्वासाला फुप्फुस वर-खाली सरकतं आणि आत पोचलेलं टोक त्याला ओरखडत राहतं. त्यात सुई फिरवली की आणखी भर. दोन्ही बाजूंना न्यूमोथोरॅक्स होऊन रुग्ण दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांमध्ये आहेत.

सुई कुठवर जाऊ शकते याचं एक उदाहरण जगभर गाजलं होतं. दक्षिण कोरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष रो ते-वू यांना २०११ मध्ये खोकला थांबत नाही म्हणून सोलच्या रुग्णालयात दाखल केलं. तपासणीत उजव्या श्वासनलिकेत अ‍ॅक्युपंक्चरची सुमारे साडेसहा सेंटिमीटरची सुई सापडली. ती काढली आणि ते बरे झाले. ती तिथे पोचली कशी, यावर त्या देशात बराच खल झाला. राष्ट्राध्यक्षपदावर राहिलेल्या माणसाला काही कोणी रस्त्यावरचा वैदू गाठून दिला नसेल, एवढं आपण धरून चालू.

हाडातलं भोक

दुसरी जागा छातीच्या मधोमध, दोन स्तनाग्रांच्या रेषेत. इथे सीव्ही-१७ हा बिंदू येतो. दम, धडधड, मनावरचा ताण यांसाठी तो वापरतात. खाली तर सपाट हाड आहे, उरोस्थी. सुई हाडाला टेकली की थांबणार, म्हणजे सुरक्षित जागा. हो ना?

शंभरातल्या साधारण पाच माणसांच्या उरोस्थीत जन्मजात भोक असतं. गर्भात हे हाड तुकड्यातुकड्यांनी तयार होतं आणि ते तुकडे पूर्ण जुळले नाहीत तर मध्ये फट राहते. त्या माणसाला त्याचा काही त्रास नसतो, पत्ताही नसतो. भोकावर घट्ट पडदा असतो, त्यामुळे वरून बोट दाबून कळत नाही. आणि त्याच्या बरोबर मागे हृदय असतं. १९९५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये नॉर्वेतल्या डॉक्टरांनी असा एक मृत्यू नोंदवला. सुई त्या भोकातून आत गेली, हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साठलं आणि हृदय त्या दाबाखाली बंद पडलं.

मेडिकलच्या पहिल्या वर्षी आम्हाला हाडांचा संच मिळतो, बोन सेट. रात्री हॉस्टेलच्या खोलीत हाड हातात घेऊन त्याचा प्रत्येक खळगा पाठ करायचा. ज्याने असं भोक असलेली एक उरोस्थी हातात धरली आहे आणि त्यातून पलीकडचा उजेड पाहिला आहे, तो त्या जागेवर सुई कधीही सरळ आत घालणार नाही. तो ती आडवी, कातडीखालून नेईल. "सीव्ही-१७ : आडवी सुई" हे वाक्य पुस्तकात असतंच. पण पुस्तकात अशी शेकडो वाक्यं असतात. त्यातलं कोणतं जिवावर बेतणारं आहे हे ते हाड हातात घेतल्यावर कायमचं लक्षात राहतं.

अंगुळाने खोली मोजता येत नाही

अ‍ॅक्युपंक्चरमध्ये अंतरं 'त्सुन'मध्ये मोजतात. रुग्णाच्याच अंगठ्याची रुंदी म्हणजे एक त्सुन, चार बोटं एकत्र ठेवली की तीन. आपल्या आयुर्वेदातही ज्याच्या त्याच्या अंगुळाने मोजायची पद्धत होती. मला ही पद्धत आवडते. उंच माणसाचा बिंदू लांब, ठेंगण्याचा जवळ. शरीराच्या पृष्ठभागावर जागा शोधायला ती उत्तम आहे.

पण खोलीचं काय? दोन बायका, उंची सारखी, अंगठे सारखे. एक पंचेचाळीस किलोची, दुसरी पंच्याऐंशी. खांद्यावरचा बिंदू दोघींत एकाच अंतरावर सापडेल, पण त्याखालचं फुप्फुस पहिलीत कितीतरी जवळ असेल. वर्षानुवर्षं विड्या ओढून ज्याची फुप्फुसं अतिफुगलेली आहेत असा साठीचा बारीक गृहस्थ घ्या, किंवा पाठीला बाक आलेली आजी. चार्टवरचा माणूस मात्र कायम तिशीतला, सुदृढ आणि सरळ उभा असतो.

रंगीत अ‍ॅपचंही तेच. त्यात धमनी लाल, नीला निळी आणि मज्जातंतू पिवळा धमक. पहिल्यांदा डिसेक्शन हॉलमध्ये गेलेला विद्यार्थी हेच शोधत असतो आणि त्याला सगळं एकाच मातकट रंगाचं दिसतं. मज्जातंतू कोणता आणि शीर कोणती हे बोटांत धरून, चिमट्याने ओढून, तिचा मागोवा घेऊन कळतं. मनगटावरचा पीसी-६ हा मळमळीसाठी वापरला जाणारा बिंदू दोन स्नायुबंधांच्या मध्ये आहे आणि त्याच्या थेट खाली मीडियन नर्व्ह आहे. काही माणसांत त्या दोन स्नायुबंधांपैकी एक नसतोच! तुमच्याच घरात एखाद्याला नसेल. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट किंचित वाकवा, मधोमध दोरीसारखा उठून दिसतो तो. दिसला नाही तर घाबरू नका, त्याने काही बिघडत नाही. पण जो सुई टोचणार आहे त्याला माणसामाणसांतला हा फरक माहीत असायला हवा आणि तो एका पुतळ्यावर शिकता येत नाही.

हाताने शिकणं म्हणजे नेमकं काय, तेही सांगतो. मृतदेहावर नेहमीच्या पद्धतीने बिंदू शोधायचा, सुई नेहमीच्या खोलीपर्यंत घालायची आणि ती तशीच ठेवून भोवतालचा एकेक थर उलगडत जायचा. कातडी, चरबी, स्नायू, दोन फासळ्यांमधला पातळ पडदा. शेवटी सुईचं टोक कुठे आहे ते पाहायचं. हा प्रयोग दहा बिंदूंवर केला तर जे शिकणं होतं ते दोनशे तासांच्या व्याख्यानांत होणार नाही. यालाही मर्यादा आहेत. फॉर्मेलिनने मृतदेहाचे स्नायू ताठ होतात आणि मेलेल्या माणसाचं फुप्फुस आक्रसलेलं असतं, म्हणजे जिवंत माणसात ते आणखी जवळ असतं. ही उणीव सोनोग्राफीने भरून काढता येते. पडद्यावर श्वासाबरोबर सरकणारं फुप्फुस पाहिलं की अंगावर काटा येतो. पण गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४च्या कायद्यामुळे आपल्याकडे सोनोग्राफीचं मशीन नोंदणीशिवाय वापरता येत नाही (आणि ते योग्यच आहे). म्हणून हे प्रात्यक्षिक रेडिओलॉजिस्टने घ्यावं लागेल.

"पण असे अपघात फार क्वचित होतात"

हा युक्तिवाद मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो अर्धा खरा आहे. जर्मनीत २ लाख २९ हजार रुग्णांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात, सुमारे २२ लाख वेळा सुया टोचल्या गेल्या असताना, न्यूमोथोरॅक्स दोनच रुग्णांना झाला. ब्रिटनमध्ये ३४,४०७ उपचारांच्या नोंदीत एकही गंभीर अपघात नव्हता. अ‍ॅक्युपंक्चरचे समर्थक हे आकडे नेहमी पुढे करतात.

पण हे हात कोणाचे होते? जर्मनीच्या अभ्यासातले सगळे उपचारक डॉक्टर होते. म्हणजे मेडिकल कॉलेजात डिसेक्शन करून आलेले, आणि वर अ‍ॅक्युपंक्चरचं किमान १४० तासांचं प्रशिक्षण घेतलेले. ब्रिटनमधले उपचारक तिथल्या व्यावसायिक संस्थेचे, रीतसर शिकलेले सदस्य होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये डॉक्टर नसलेल्यांसाठी २,५०० तासांचं शिक्षण सुचवलं होतं आणि त्यातले किमान १,००० तास प्रत्यक्ष कामाचे. नीट शिकलेल्यांचा सुरक्षिततेचा आकडा उचलून तो दोन रविवारांच्या शिबिरात शिकलेल्याच्या दुकानावर लावायचा, ही लबाडी आहे. पायलटच्या हातून विमान सुरक्षित उतरतं म्हणून कोणीही उठून कॉकपिटमध्ये बसावं, असं कोणी म्हणत नाही.

"आमचं शास्त्र ऊर्जेचं आहे, मांसाचं नाही. तुमची पाश्चात्त्य अ‍ॅनाटॉमी आम्हाला काय कामाची?" असंही ऐकायला मिळतं. ऊर्जा मेरिडियनमधून वाहत असेल किंवा नसेल, सुई मात्र स्टीलची असते आणि ती मांसातूनच जाते. शिवाय शरीर उघडून पाहणं पाश्चात्त्य आहे हे कोणी सांगितलं? सुश्रुताने मृत शरीर गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात सात रात्री भिजवायला सांगितलं आहे. मग वाळ्याच्या वगैरे कुंच्याने थर हळूहळू घासत आतला प्रत्येक अवयव स्वतः बघायचा. चीनमध्ये वांग चिंगरेन नावाचा वैद्य जुन्या ग्रंथांतल्या अवयवांच्या वर्णनांवर इतका वैतागला होता की तो स्मशानात आणि वधस्तंभापाशी जाऊन प्रेतं बघत असे. १८३० मध्ये त्याने वैद्यांच्या चुका दुरुस्त करणारं पुस्तक काढलं. त्यात त्याच्या स्वतःच्याही चुका बऱ्याच आहेत, पण तो बघायला गेला होता! आणि आपल्याकडे अ‍ॅक्युपंक्चर आणलं ते कोलकात्याच्या डॉ. बिजय कुमार बसूंनी. सोलापूरच्या डॉ. कोटणीसांबरोबर १९३८ मध्ये चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातले ते डॉक्टर. म्हणजे भारतात या सुया पहिल्यांदा धरल्या त्या एका एमबीबीएसच्या तोडीच्या हाताने.

आता थोडं माझ्या बिरादरीबद्दल. डॉक्टरांतले अनेक जण म्हणतील, "या लोकांना डिसेक्शन हॉलमध्ये घेतलं तर त्यांना प्रतिष्ठा मिळेल. आम्ही का द्यावी?" अहो, कायद्याने जे द्यायचं ते देऊन झालं आहे. आपण दार लावून बसल्याने एकही सुई थांबणार नाही. ती न बघता टोचली जाईल एवढंच. आणि छातीत हवा शिरलेला तो रुग्ण रात्री दोन वाजता आपल्याच कॅज्युअल्टीत येणार आहे. आपली बाजूही फार धुतल्या तांदळासारखी नाही. पंधरा वर्षांपूर्वी अ‍ॅनाटॉमीची परीक्षा दिलेला डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत जातो आणि सोमवारपासून 'ड्राय नीडलिंग' सुरू करतो. नाव बदललं म्हणून सुईची लांबी बदलत नाही. त्यांनीही परत हॉलमध्ये यावं.

मृतदेह कमी आहेत, ही अडचण मात्र खरी आहे. आपल्याकडे १९४९च्या अ‍ॅनाटॉमी कायद्याखाली बेवारस मृतदेह आणि लोकांच्या देहदानातून कॉलेजांची गरज भागते आणि पुष्कळ ठिकाणी भागतही नाही. पण यासाठी वेगळे मृतदेह लागत नाहीत. वर्षाच्या शेवटी विद्यार्थ्यांनी विच्छेदन केलेली शरीरं तिथे असतातच. आधी नीट उलगडून ठेवलेले भाग असतात. मान, खांदा, छाती, पाठ आणि डोळ्याची खोबण, एवढ्यासाठी चार-पाच दिवस पुरतील. सुटीच्या दिवसांत अ‍ॅनाटॉमीच्या शिक्षकांनी ते घ्यावेत, अ‍ॅक्युपंक्चर शिकवणाऱ्या संस्थांनी त्याची फी भरावी आणि शेवटची परीक्षा कागदावर न घेता टेबलापाशी घ्यावी. "इथे सुई घाल. आता सांग, टोक कुठे आहे?" उत्तर आलं नाही तर नोंदणी नाही. अभ्यासक्रमात अ‍ॅनाटॉमीचा पेपर असणं आणि ही परीक्षा असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्यांनी देहदान केलं त्यांना आपला देह असा वापरला गेलेला आवडला असता का? मला वाटतं, त्यांनी तो दिलाच होता जिवंत माणसांवर चुका होऊ नयेत म्हणून.

खोलवर टोचण्याच्या हट्टाबद्दल आणखी एक. २००७ मध्ये जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर चाचणी झाली. खऱ्या बिंदूंवर रीतसर टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना सहा महिन्यांनी आराम होता. बिंदू सोडून भलत्याच जागी, वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना. नेहमीच्या औषध-व्यायामाच्या गटात २७.४ टक्के. यातून कोणी काय निष्कर्ष काढायचा तो काढो. मी एवढाच काढतो की छातीवर आणि पाठीवर खोल जाण्याने मिळणारा जास्तीचा फायदा, असलाच तरी, जीव धोक्यात घालण्याइतका नाही. तिथे सुई उथळ आणि तिरकी राहू द्या.

आता तुमच्यापुरतं. सुया घ्यायला जाणार असाल तर थेट विचारा, "तुम्ही डिसेक्शन केलं आहे का? छाती-पाठीवर किती खोल टोचता?" चांगला उपचारक या प्रश्नाने दुखावला जात नाही, उलट समजावून सांगतो. जो चिडतो त्याच्याकडून निदान मान आणि पाठीच्या सुया घेऊ नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, जुना दमा किंवा फुप्फुसाचा आजार असेल, तुम्ही फार बारीक असाल तर ते आधी सांगा. सुया लावलेल्या असताना उठू-वळू नका आणि झाल्यावर त्या मोजून काढल्या का ते बघा.

आणि मान, खांदा, छाती किंवा पाठीवर सुया घेतल्यावर श्वास घेताना छातीत एका बाजूला चमक येऊ लागली, कोरडा खोकला सुरू झाला, जिना चढताना कधी नव्हे ती धाप लागली, तर ती गॅस आहे म्हणून घरी बसू नका. हे लगेच होतं असंही नाही, काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही होतं. जवळच्या हॉस्पिटलमध्ये जा, छातीचा एक्स-रे काढायला सांगा. तो निघेपर्यंत विमानात बसू नका. आणि डॉक्टर विचारो न विचारो, सुया कधी आणि कुठे टोचल्या होत्या ते बोट ठेवून दाखवा.